रॅकून रांधण्याआधी: चरबी, गाठी आणि अळणी पाणी

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या ग्रामीण भागात राहायला आलो त्या पहिल्याच हिवाळ्यात शेजारच्या शेतकरी आजोबांनी आम्हाला एक सोललेला रॅकून (मांजराहून थोडा मोठा, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेला रानटी प्राणी) आणून दिला. जाड प्लास्टिकच्या पिशवीत, बर्फावर ठेवलेला. सगळे अंग स्वच्छ, गुलाबी-तांबडे. फक्त पुढचा एक पंजा केसांसकट, नखांसकट तसाच. मला वाटले, घाईत राहून गेला असेल. ते म्हणाले, "मुद्दाम ठेवलाय. नाहीतर मी तुला मांजर दिलं नाही हे तुला कसं कळणार?"

मिझुरीत हा जुना रिवाज आहे. सोललेला रॅकून विकायचा किंवा कुणाला द्यायचा तर एक पंजा ठेवायचा. पाच लांबट बोटांचा तो पंजा एकदा पाहिला की मांजर-कुत्र्याची शंका उरत नाही.

तो पहिला रॅकून मी पूर्ण वाया घालवला. मटण करायचे ते हात, तेच केले. चरबी ठेवली, कारण चरबीशिवाय रश्शाला तवंग कुठून येणार? कुकरला लावला, वरचे अळणी पाणी वाटीत काढून मिरपूड घालून प्यायलो. एकच घोट. ओल्या कुत्र्याचा वास आणि खवट तेल यांच्या मधले काहीतरी. नंतर वाटण घातले, काळा मसाला घातला, शेवटी चिंच घातली; वास तिथेच. घरात तो तीन दिवस होता.

दुसऱ्या वेळी आजोबांच्या ओट्यावर उभा राहून शिकलो. तेव्हा कळले की रॅकून चुलीवर बिघडत नाही, सुरीखाली बिघडतो. म्हणून या लेखात स्वयंपाक शेवटी येईल आणि थोडाच येईल.

खातात कोण, आणि म्हणायचे काय

रॅकून मूळचा उत्तर आणि मध्य अमेरिकेतला. नाव व्हर्जिनियातल्या पोव्हाटन लोकांच्या भाषेतून इंग्रजीत आले. मूळनिवासी जमाती खात होत्याच. पुढे दक्षिणेतल्या मळ्यांवरचे गुलाम दिवसभराची मजुरी संपल्यावर रात्री रॅकून आणि ऑपॉसम (पोटाच्या पिशवीत पिल्ले वाढवणारा मांजराएवढा प्राणी) धरत, कारण मालकाकडून मिळणाऱ्या शिध्यात मांस जेमतेम असे. रॅकूनबरोबर रताळी ही जोडी त्या चुलींवर रुजली, आणि गरीब गोऱ्या शेतकऱ्यांच्या घरीही तीच होती. आर्कन्सातल्या जिलेट या लहानशा गावात १९४७ पासून दर जानेवारीत रॅकूनची सार्वजनिक पंगत होते. तिला राज्यातले राजकारणी झाडून हजेरी लावतात. बिल क्लिंटन गव्हर्नर असताना जात असत. १९२६ साली थँक्सगिव्हिंगच्या जेवणासाठी म्हणून मिसिसिपीहून कुणीतरी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांना जिवंत रॅकून पाठवला होता. त्यांनी तो खाल्ला नाही. रिबेका नाव ठेवून व्हाइट हाउसमध्ये पाळला.

नव्याने आलेल्यांसाठी एक सावधगिरी. शिकारी मंडळी रॅकूनला सर्रास 'कून' म्हणतात. हाच शब्द कृष्णवर्णीयांसाठी वापरली जाणारी अत्यंत घाण शिवी आहे. तुमच्या-माझ्या तोंडी पूर्ण शब्दच बरा: रॅकून.

भारतातून हे वाचत असाल तर तिकडे रॅकून नाहीच. 'आमच्याकडच्या उदमांजराला हीच कृती चालेल का' असे मला एकाने विचारले होते. चालणार नाही, आणि प्रश्न कृतीचा नाहीच. उदमांजर मारणे हा १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

कागदपत्रे आधी

अमेरिकेत रॅकून 'फर-बेअरर', म्हणजे केसाळ कातड्यासाठी धरल्या जाणाऱ्या प्राण्यांत मोडतो. प्रत्येक राज्याचा हंगाम, परवाना आणि नियम वेगळे, आणि दरवर्षी थोडेफार बदलतात. त्या वर्षीची पुस्तिका राज्याच्या संवर्धन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळते, ती वाचा. मिझुरीत १ जानेवारी १९६७ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला बंदुकीने शिकार करायची तर शिकारीचा अभ्यासक्रम आधी पूर्ण करावा लागतो.

एच-वन-बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांनी मित्राची बंदूक नुसती 'बघायला' म्हणूनही हातात घेऊ नये. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाने बंदूक बाळगणे संघीय कायद्याने मना आहे. वैध शिकार परवाना असेल तर त्याला अपवाद आहे, पण तो आपल्याला लागू होतो की नाही हे वकिलाला विचारूनच ठरवा. मी स्वतः आजवर एकही रॅकून मारलेला नाही. मिळतो तो शेजाऱ्याकडून, आणि खरे सांगायचे तर मला तेच सोयीचे आहे.

कोणता घ्यावा, कोणता नाही

घ्यावा तो कडाक्याच्या थंडीतला, शेत-रानातला, शक्यतो तरणा. पहिल्या वर्षाचे पिल्लू मोठे होऊन तीन-चार किलोंचे झालेले असते, त्याचे मांस कोवळे. दहा किलोंचा म्हातारा बोका दिसायला जंगी, पण त्याला शिजवताना गॅस संपेल.

शहरातला नको. तो कचऱ्याच्या डब्यावर जगतो, आणि उंदीर मारायच्या विषाचा अंश त्याच्या अंगात असू शकतो. हे विष काळजात, म्हणजे यकृतात, साठते, म्हणून काळीज रानातल्याचेही आम्ही खात नाही. रस्त्यावर मेलेला सापडला तर सोडून द्या. झोकांड्या खाणारा, लाळ गाळणारा, माणसाला न घाबरता चालत येणारा प्राणी असेल तर जवळही जाऊ नका. ते कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूजन्य आजारानेही होते आणि रेबीजनेही, आणि लांबून बघून फरक कळत नाही.

आता जंत. रॅकूनच्या आतड्यात एक गोल जंत असतो, बेलिसास्कॅरिस नावाचा. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, दोन ते चार आठवड्यांत संसर्गक्षम होतात आणि मातीत वर्षानुवर्षे टिकतात. ती माणसाच्या पोटात गेली तर अळ्या मेंदूपर्यंत पोचू शकतात. असे क्वचित होते, पण झाले तर फार वाईट होते. नेहमीच्या जंतुनाशकांनी ही अंडी मरत नाहीत, उकळत्या पाण्याने मरतात. म्हणून सोलणे नेहमी घराबाहेर करायचे, हातात रबरी मोजे घालून, लहान मुलांना लांब ठेवून. आतडी, कातडे, डोके सगळे जाड पिशवीत बांधून कचऱ्यात. कुत्र्याला द्यायचे नाही, त्याच्याही पोटात हा जंत वाढतो. सुरी आणि फळी शेवटी कढत पाण्याने भाजून काढायची. डोके आणि पाठीचा कणा फोडायचा नाही, कारण रेबीजचा विषाणू असला तर तो तिथे आणि लाळेत असतो.

सोलणे

जनावर अजून गरम असतानाच कातडे सहज सुटते. थंड झाले की ओढून ओढून मनगटे भरून येतात.

मागच्या पायांच्या घोट्यावरच्या जाड शिरेतून आकडा घालून उलटे टांगा. एका घोट्यापासून मांडीच्या आतल्या बाजूने, गुदद्वाराच्या खालून वळसा घेत दुसऱ्या घोट्यापर्यंत चीर द्या. गुदद्वाराच्या दोन्ही बाजूंना दुर्गंधी ग्रंथी असतात; तिथे सुरी लांबून, हलक्या हाताने फिरवायची. मग ओला पायमोजा उलटा काढतो तसे कातडे खाली ओढत न्यायचे, अडेल तिथेच सुरीचे टोक लावायचे. शेपटीचे हाड दोन काड्यांच्या चिमट्यात धरून ओढले की सळकन सुटते.

पोट उघडताना दोन बोटे आत घालून त्यांच्या मधून पाते वर धरून चालवा, म्हणजे आतडे फुटणार नाही. मूत्राशय चिमटीत धरून काढा. आतडे फुटलेच तर तो भाग धुवत बसू नका, कापून टाका. गोळी जिथे लागली तिथले काळे-निळे मांसही चार बोटे मोकळी सोडून काढायचे. शिशाचे कण वाटते त्यापेक्षा लांब उडतात.

चरबी: आपली सवय इथे आड येते

आपल्याकडे मटण घेताना 'थोडी चरबी टाका' असे आपण खाटकाला सांगतो. रॅकूनला याच्या नेमके उलट. थंडीच्या तोंडाला हे जनावर खाऊन खाऊन कातड्याखाली बोटभर जाडीचा थर चढवते, आणि त्याने वर्षभर जे खाल्ले त्याचा वास त्याच थरात उतरतो. फ्रीझरमध्ये ठेवले तरी सगळ्यात आधी खवट होते ती चरबीच.

म्हणून ती सगळी काढायची. पाठीवरचा पिवळट-पांढरा थर सुरीने कडेने सोडवून हाताने सोलला तर चादरीसारखा निघतो. मांड्यांच्या खोबणीतली, मूत्रपिंडांभोवतीची, बरगड्यांच्या आतली, मानेखालची, सगळी. जनावर फ्रीजमध्ये तासभर ठेवून गार केले की चरबी घट्ट होते आणि काम सोपे जाते. मला पहिल्यांदा यालाच सव्वा तास लागला. आजोबा मधून मधून येऊन, काही न बोलता, बोटाने जागा दाखवून जात: इथे राहिलीय, आणि इथे.

गाठी

कृतीतला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच, आणि लेखी कृतींत एका ओळीत उरकलेला असतो.

रॅकूनच्या मांसात वाटाण्यापासून शेंगदाण्याएवढ्या लहान गाठी असतात. इथले लोक त्यांना 'दाणे' अशा अर्थाच्या शब्दाने ओळखतात. रंग तांबूस किंवा करडा, मेणासारखा, चरबीपेक्षा गडद आणि मांसापेक्षा फिका. त्या राहिल्या किंवा शिजताना फुटल्या तर सगळ्या भांड्याला उग्र वास लागतो.

शोधायचे कुठे? पहिली जागा पुढच्या दोन्ही पायांच्या काखेत. पाय बाजूला ओढून धरला की खांदा आणि छाती यांच्यामधली पोकळी उघडते, तिथल्या चरबीत एक-दोन असतातच. दुसरी जागा कंबरेपाशी, कण्याच्या दोन्ही अंगांना. तिसरी मागच्या मांडीत, गुडघ्याच्या मागे, दोन स्नायूंच्या फटीत; ही सर्वांत लपलेली. स्नायू अंगठ्यांनी फाकवायचे, सुरी लगेच लावायची नाही. बोटाला आधी लागते: मऊ मांसात एक घसरणारा गोळा. मग त्याच्या भोवतालच्या चरबीसकट, गाठ न चिरता, चमच्याने उकरावी तशी उचलायची.

एखादी कापली गेलीच तर घाबरू नका. तिथले दोन बोटे मांस काढा, सुरी धुवा, मग पुढे. न धुतलेली सुरी वास सगळीकडे नेते. माझ्या पहिल्या रॅकूनमध्ये मी शून्य गाठी काढल्या होत्या. दुसऱ्यात पाच सापडल्या. आजोबांनी तेच जनावर पुन्हा हातात घेतले आणि आणखी तीन काढून दाखवल्या.

भिजवणे

आता तुकडे करा: चार पाय, कंबरेचे दोन, बरगड्यांचे दोन. मोठ्या पातेल्यात चार लिटर गार पाण्यात अर्धा कप जाडे मीठ विरघळवून त्यात बुडवा आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवा. बाहेर ओट्यावर नाही, थंडी असली तरी. काहीजण व्हिनेगर घालतात. मीही अर्धी वाटी घालतो, पण त्याहून जास्त घातले तर मांसाचा पोत वरून पिठूळ होतो. सकाळी पाणी लालसर झालेले असेल. ते ओतून तुकडे दोनदा धुवा. धुताना पाण्याचे शिंतोडे शेजारच्या कोथिंबिरीवर उडू देऊ नका.

भिजवून आल्यावर चरबीचे राहिलेले पापुद्रे पांढरे होऊन वर दिसतात. सुरी पुन्हा घ्या.

उकड, आणि ते पाणी

पातेल्यात तुकडे बुडतील एवढे नवे पाणी, एक कांदा चौफाकी करून, दोन तमालपत्रे, दहा-बारा मिरी, तीन सुक्या मिरच्या. उकळी आली की आच मंद. वर तपकिरी फेस येईल, तो काढत राहा. पाऊण ते एक तास.

आणि मग हे पाणी फेकून द्यायचे. कोल्हापूर-साताऱ्याकडच्या माणसाला हे सर्वांत जड जाते, मला माहीत आहे. अळणी पाणी पोरांना वाटीत द्यायचे, त्यातच तांबडा-पांढरा करायचा, हे हाताला लागलेले असते. इथे त्या पाण्यात उरल्यासुरल्या चरबीचा आणि गाठींचा सगळा वास उतरलेला असतो. तो बाहेर काढण्यासाठीच उकड केली. सिंकमध्ये मात्र ओतू नका, चरबी नळीत गोठते. गार करून, वरची साय काढून कचऱ्यात टाका.

जनावर म्हातारे असेल तर दुसऱ्या पाण्यात आणखी अर्धा तास उकडा. काटा मांडीत शिरला पण जोर लावावा लागला, इतपत झाले की पुरे.

रताळ्यांबरोबर, इथल्या पद्धतीने

पहिला रॅकून असाच करा. मसाल्याच्या आड लपवला तर तुमची साफसफाई कशी झाली ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

चरबी सगळी गेल्यामुळे मांस आता कोरडे आहे, तेव्हा बाहेरची चरबी द्यावी लागते. जाड बिडाच्या झाकणवाल्या भांड्यात बेकनच्या चार पट्ट्या परता, त्यांच्या तेलात तुकडे सगळ्या बाजूंनी खरपूस करा. दोन कांदे जाडसर चिरून, एक आंबट सफरचंद, चार लसूण पाकळ्या, दीड कप पाणी, दोन चमचे व्हिनेगर, एक चमचा गूळ (इथली ब्राउन शुगरही चालते), भरपूर मिरपूड. झाकण लावून १६० अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये दीड तास. मग तीन-चार रताळी सालासकट जाड फोडी करून भोवती लावा आणि आणखी तासभर. रताळी सुरुवातीलाच घातली तर त्यांची लापशी होते. शेवटची पंधरा मिनिटे झाकण काढून आच वाढवा.

मांस शिजले हे रंगावरून ओळखायचे नाही. रॅकूनमध्ये ट्रायकिनेला हा मांसात राहणारा परजीवी असू शकतो, आणि वन्य प्राण्यांतले त्याचे काही प्रकार फ्रीझरमध्येही मरत नाहीत. तेव्हा 'महिनाभर गोठवलंय, थोडं कच्चं चालेल' हे इथे चालत नाही. थर्मामीटर हाडाला न टेकवता सर्वांत जाड भागात खुपसा. ७४ अंश सेल्सिअस, म्हणजे १६५ फॅरनहाइट, ही किमान पायरी. या पद्धतीने शिजवलेले मांस तिच्या कितीतरी वर गेलेले असते, कारण मऊ व्हायलाच त्याला तेवढी आच लागते.

चव कशी? गडद, दाट, कोंबडीच्या तंगडीपेक्षा बोकडाच्या मानेच्या जवळची, शेवटी किंचित गोडसर. पहिल्या घासाला माझी बायको म्हणाली, "हे नक्की तेच जनावर आहे ना?"

रस्सा करायचाच असेल तर

दोन-तीनदा वरच्या पद्धतीने जमले की मग आपले वाटण. उकड वर दिल्याप्रमाणेच, पाणी फेकून. तुकड्यांना आले-लसूण, हळद, मीठ लावून तासभर ठेवा. दही नको, व्हिनेगर आधीच झाला आहे. सुके खोबरे आणि कांदा खरपूस भाजून, त्यात दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा, थोडी खसखस घालून वाटा. तेल नेहमीपेक्षा दीडपट, कारण तवंग तुमच्या तेलाचाच येणार. वाटण तेल सुटेपर्यंत परता, काळा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला दोन चमचे, मग तुकडे, मग कढत पाणी.

कुकरला एक शिट्टी होऊ द्या, नंतर आच अगदी बारीक करून पंचवीस मिनिटे. जोरात सहा शिट्ट्या काढल्या तर मांस हाडावरून सुटते, पण दोऱ्यासारखे कोरडे लागते. मालवणी मसाल्यात मी एकदा केला होता, कोकमे घालून. तो मला जास्त आवडला. आंबटपणा या मांसाला मानवतो.

वाढताना पाहुण्यांना आधी सांगा की हाडे बारीक, लांब आणि टोकदार असतात, विशेषतः बरगड्यांची. लहान मुलांना मांस सोडवून द्या. नर असेल तर कंबरेच्या भागात एक वाकडे, आकड्यासारखे हाड आधीच काढून टाकलेले बरे. शिकारी लोक ते वाळवून, दोरा ओवून जवळ बाळगतात. ते हाड कुठले, हा प्रश्न आमच्याकडे एकदा पंगतीतच निघाला आणि आजोबांनी त्याचे उत्तर अगदी सविस्तर दिले.